तारीख नसलेला राजीनामा

मानोरा तालुक्यातल्या एका खाजगी अनुदानित शाळेत निता आडे प्रयोगशाळा सहायक होती. होती म्हणायचं की आहे म्हणायचं, ते अजून ठरलेलं नाही.

तिचा जन्म पोहरादेवीपासून दोन कोसांवरच्या तांड्यातला. दिवाळी झाली की तांडा रिकामा व्हायचा. माणसं, भांडीकुंडी, शेळ्या, सगळं ट्रकात चढून ऊसतोडीला जायचं, ते उन्हं तापल्यावर परत यायचं. निताच्या आईनं, नानीबाईनं, लेकीला तेवढं गावच्या हंगामी वसतिगृहात ठेवलं. सहावीचं एक वर्ष मात्र चुकलं. त्या साली वसतिगृह उघडलंच नाही आणि निता मोळ्या बांधायला गेली. परत आली तेव्हा हजेरीपटावरून तिचं नाव कमी झालं होतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा सहावीत बसली, आपल्यापेक्षा लहान मुलांत, आणि तिथून बारावी सायन्सपर्यंत एकदाही नापास झाली नाही.

लग्न झालं ते राजपालशी. तो एका मुकादमाचा ट्रॅक्टर चालवतो, म्हणजे दिवाळीपासून पाडव्यापर्यंत घरी नसतो. त्यांची मुलगी रुचिका सात वर्षांची. ही पोरगी ट्रकात बसू नये, एवढ्यासाठी निताला पगाराची नोकरी हवी होती. शाळेतले जुने सहायक निवृत्त झाले, तेव्हा तिनं अर्ज केला. गुण चांगले होते. पण संस्थेचे सचिव धनराजभाऊ म्हणाले, “ओळखीचं कोणी आहे का तुह्या?” म्हणून तांड्याचे प्रमुख, हेमला नाईक, तिच्याबरोबर गेले.

तारीख होती २७ जून २०२२. नेमणुकीचं पत्र टेबलावर होतं: रिक्त कायम पद, दोन वर्षांचं प्रोबेशन. निताचा हात पत्राकडे गेला, तसं धनराजभाऊंनी तोंडातली लवंग इकडची तिकडे केली आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

“हे एक राह्यलं, बाई. सगळेच देतात. लिहा. मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे…”

निता सवयीनं वरच्या कोपऱ्यात तारीख घालू लागली.

“तारीख राहू द्या. गरज पडली तं आमी टाकू.”

तिनं नाईकांकडे पाहिलं. नाईकांचं वय सत्तरीच्या घरात, डोक्याला पागोटं, बोलणं मोजकं. ते आधी धनराजभाऊंना म्हणाले, “पोरगी माह्या तांड्याची आहे. तुमाले खाली पाहा लागनार नाही, हा माहा शब्द.” मग निताला म्हणाले, “आन् हा कागद कपाटातच राहीन, हाही माहा शब्द. लिही, पोरी.”

तिनं लिहिलं. तिचं अक्षर सुरेख आहे. खाडाखोड एकही नव्हती.

त्यानंतरची दोन वर्षं ती ‘नाही’ हा शब्द विसरली. प्रयोगशाळेचं काम तर होतंच. परीक्षानळ्या धुणं, आम्लांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, दहावीच्या प्रात्यक्षिकांची तयारी. शिवाय सुटीवरच्या शिक्षकांचे तास, ऑफिसातला चहा, सचिवांच्या नातीच्या वाढदिवसाला फुगे. रामनवमीच्या यात्रेत संस्थेच्या पाणपोईवर तीन दिवस उभं राहायचं, तेही तिनंच. नानीबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा निता मधल्या सुटीत जाऊन तिला पाहून आली आणि पाचव्या तासाला परत हजर. राजपाल चिडायचा.

“तू शायेत नोकरीले आहे का त्याच्या घरी सुनवास करून राह्यली?”

“प्रोबेशनवर आहो. एकदा कायम होऊ द्या.”

कायम. या एका शब्दावर तिनं सातशे दिवस ढकलले. सव्वीस जून २०२४ ला दोन वर्षं पुरी होणार होती. घरातल्या कॅलेंडरवर तिनं त्या बुधवारी काही खूण केली नव्हती. नजर लागेल अशी भीती वाटायची.

चौदा जूनला धनराजभाऊंनी बोलावलं. शाळा सुरू व्हायची होती, इमारतीत चिटपाखरू नव्हतं. टेबलावर टाइप केलेला एक अर्ज होता, निताच्याच नावानं. ‘माझे काम अधिक चांगले करता यावे म्हणून माझा परिवीक्षा कालावधी एक वर्षाने वाढवून मिळावा, अशी मी स्वेच्छेने विनंती करते.’

“सही करा.”

“पन भाऊ, मी तं अशी विनंती केली नाही.”

“म्हणून तं आता करा म्हणतो. नाही केली तं दुसरा कागद आहेच कपाटात. त्याच्यावर फक्त तारीख टाकाची आहे.” ते अगदी शांतपणे बोलत होते. “घाई नाही. चोवीस तारखेले, सोमवारी सांगा.”

त्या दिवशी घरी येऊन तिनं भाकरी थापल्या, रुचिकाची वेणी घातली, आणि राजपालला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो भांडायला गेला असता आणि सोमवारची वाट पाहायचंही कारण उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती इंझोरीला गेली. तिथे देवमन सर राहतात. शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं लिपिक होते, वर्षापूर्वी निवृत्त झाले. साठा नोंदवही कशी लिहायची ते निताला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या बैठकीत बुद्धमूर्तीजवळच्या फळीवर कायद्याची पुस्तकं आणि परिपत्रकांच्या फायली रचलेल्या आहेत. निताचं बोलणं त्यांनी मधे न बोलता ऐकलं.

“धनराजभाऊच्या भावाची सून बीएस्सी झाली,” ते म्हणाले. “पन तिचं बाळंतपण आहे. तोवर जागा धरून ठेवाले तुमी. वर्षानं तुमाले रस्ता.”

“वाढवता येते का सर, असं प्रोबेशन?”

“माह्या माहितीत कायद्यात तशी सोय नाही. दोन वर्षं पुरी झाली, आन् मधात काढलं नाही, तं मानूस कायम धरला जाते. म्हणून तं तुमच्या अर्जानं वाढवून राह्यले. तुमीच मागितलं म्हंजे त्यायच्यावर काही येत नाही.”

“आन् तो राजीनामा?”

देवमन सरांनी चष्मा काढला. “राजीनाम्याच्या दोन प्रती लागतात. त्याच्यावर सही, तारीख, आन् एक प्रत रजिस्टर टपालानं पाठवा लागते. असा कपाटातला राजीनामा कायद्यात बसत नाही. पन तुमच्याच अक्षरात आहे. भांडत बसा लागीन.”

चहा घेऊन आलेल्या सरांच्या पत्नी दुर्गाबाई दारातच थांबल्या. “आता कायदा सांगून राह्यले. ते कागद लिहून घ्याचा मजकूर कोनं टाइप करून देल्ला होता, ते बी सांगा ना पोरीले.”

“मीच देल्ला,” देवमन सर म्हणाले. “नोकरी होती माही.” मग निताकडे वळून, “तुमाले दोन रस्ते आहेत. आज चिठ्ठी पाठवली, की तो कोरा राजीनामा मी मागं घेते, तं ते बाकीच्या अकरा दिवसांत तुमाले प्रोबेशनमधीच काढतीन. एका महिन्याचा पगार देल्ला की काढता येते. म्हणून चिठ्ठी आज नाही पाठवाची. सव्वीसले दुपारी टपालात टाका. पावतीवर तारीख येते. त्यायले भेटीन अठ्ठावीसले, तवा दोन वर्षं होऊन गेली असतीन.”

“आन् सोमवारी काय सांगू?”

“इचार करून राह्यली म्हना. दोन दिवस मांगा, घरच्यायले विचारते म्हना. पन कोनालेच सांगू नका. कोनालेच म्हंजे कोनालेच.”

निता मान हलवून परतली. चिठ्ठी लिहून तिनं जीवशास्त्राच्या प्रयोगवहीत ठेवली. आठ दिवस ती वही तिच्या पिशवीत होती, आणि त्या आठ दिवसांत तिला नीट झोप लागली नाही. चिठ्ठीची भीती होतीच, पण खुपत होतं ते वेगळंच. तांड्यात एखादी गोष्ट नाईकासमोर ठरली की ती नाईकासमोरच मोडावी लागते. त्याच्या पाठीमागे मोडली तर त्याचा शब्द खोटा पडतो, आणि ज्याच्यामुळे पडला त्याच्या घरचं लग्न असो की मयत, चार माणसं कचरतात. तिनं शेवटी आईला सांगितलं.

नानीबाईनं एकच विचारलं, “नाईकाले न सांगता?”

“सरायनं कोनालेच सांगू नको म्हटलं, याडी,” निता आईला म्हणाली.

“सर इंझोरीत राह्यतात. तुले इथं राहाचं आहे. मले बी.”

रविवारी, तेवीस तारखेला, मायलेकी नाईकांकडे गेल्या. नाईक लिंबाखाली बाजेवर बसले होते. नितानं सगळं सांगितलं: राजीनामा, अर्ज, बुधवारची चिठ्ठी. लपवायचंच नाही म्हटल्यावर अर्धं कशाला सांगायचं?

नाईकांनी बाजेवरचे पाय खाली सोडले. “धनराजभाऊनं माहा शब्द मोडला,” ते म्हणाले. “कागद कपाटात राहीन म्हटलं होतं मी. तू मोकळी आहे, पोरी. दे तुही चिठ्ठी.”

निताच्या खांद्यावरचं ओझं त्या क्षणी खरोखर उतरलं. ती वाकून पाया पडली. उठून पाहते तर नाईक खिशातला फोन काढत होते.

“कोनाले लावता, नाईक?”

“धनराजभाऊले.”

“काहून?”

“काहून म्हंजे? शब्द दोघायले देल्ला मी. एकाले मोकळं कराचं आन् दुसऱ्याले अंधारात ठेवाचं? मंग मी नाईक कायचा?”

“बुधवारपावतर थांबा. फक्त तीन दिवस. हात जोडते.”

“खरं बोलाले मुहूर्त लागते का?”

त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर. घंटी दोनदा वाजली. “धनराजभाऊ, जय सेवालाल. पोरगी तो कागद वापस घेऊन राह्यली. बुधवारी टपालात चिठ्ठी टाकते म्हंते. मी मोकळं केलं तिले. तुमाले माहीत असावं म्हणून सांगतलं.”

पलीकडून गोड आवाज आला, “लई बरं केलं नाईक. उपकार झाले.”

नाईकांची बायको भागिरथा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, “झालं पोट साफ?” आणि तांब्या खाली ठेवून आत निघून गेली.

घरी जाताना नानीबाई ताठ चालत होती. “पाह्य, कसं तोंडावर सांगतलं मानसानं.” निता मागून चालत राहिली. आई चूक नव्हती, नाईक खोटे नव्हते, आणि तिची मान मात्र अडकली होती.

सोमवारी सकाळी धनराजभाऊंनी तिला “बसा” म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी कपाट उघडलं, तिचा जुना राजीनामा काढला आणि तिच्या हातात दिला.

“घ्या तुमचा कागद. नाईकाचा मान ठेवला मी.”

तिनं तो घेतला. तेच अक्षर, तोच रिकामा कोपरा. दोन वर्षं ज्याला मी भ्याले तो कागद आता हातात आहे, आणि तरी हे हसतात का, एवढाच विचार तिच्या मनात आला. मग त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडले. डावीकडे मुदतवाढीचा अर्ज. उजवीकडे नोटीस: ‘परिवीक्षा कालावधीतील आपले काम समाधानकारक नसल्याने आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे. नोटिशीऐवजी एक महिन्याचे वेतन…’

“यातला एक उचला. पाच वाजेपर्यंत थांबतो मी.”

ती प्रयोगशाळेत जाऊन स्टुलावर बसली. खिडक्या बंद होत्या, स्पिरिटचा वास कोंडला होता. तिनं देवमन सरांना फोन लावला. ऐकून ते भडकलेच.

“मी काय सांगतलं होतं तुमाले?”

“नाईकाले न सांगता कसं करू सर?”

फोनमधून कागद-पेन ओढल्याचा आवाज आला. “दोन वर्षांत मेमो किती भेटले तुमाले?”

“एकही नाही.”

“काम बरोबर नाही, असं मुख्याध्यापकानं लिहून कधी कळवलं?”

“नाही सर.”

“मंग असमाधानकारक कायच्यावरून? प्रोबेशनवाल्याच्या कामाची नोंद ठेवा लागते, त्याले कळवा लागते. अमरावतीले शाळा न्यायाधिकरण आहे. तीस दिवसांत अपील कराचं.”

“जिंकीन का मी?”

“ते मी सांगू शकत नाही. तीन-चार वर्षंही लागतीन.”

“आन् अर्जावर सही केली तं?”

“तं एक वर्ष नोकरी. पन पुढच्या जूनमधी तुमाले बोलाले जागा राहात नाही. तुमीच मागितलेलं असते.”

फोन ठेवल्यावर ती बसून राहिली. एक वर्ष म्हणजे रुचिकाची तिसरी. एक वर्ष म्हणजे एक दिवाळी घरात. ते काही थोडं नव्हतं. सही करायची आणि एक वर्ष पुन्हा चहा, फुगे, पाणपोई. आणि वर्ष संपलं की तिच्याच अक्षरातली सही तिच्यासमोर धरतील. न करायची तर आजच बाहेर.

चारच्या सुमारास दारात हेमला नाईक उभे राहिले. धनराजभाऊंनी गाडी पाठवून बोलावून घेतलं होतं. आत येताच ते कोपऱ्यातल्या सांगाड्यापाशी थबकले.

“हा कोन?”

“इथला एकच कायम मानूस,” निता म्हणाली.

नाईकांना हसू आलं नाही. ते समोरच्या स्टुलावर अवघडून बसले. “सही करून टाक, पोरी. वर्षाचाच तं सवाल आहे. भाऊनं मले आता शब्द देल्ला, पुढच्या साली पाहू म्हणून.”

“मागच्या खेपी बी शब्दच होता, नाईक.”

नाईक हाताच्या बोटांकडे पाहात राहिले.

“तुमची लेक असती इथं, तं काय सांगतलं असतं तिले?”

नाईकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग पुटपुटले, “मी फोन नव्हता लावाचा.” आयुष्यात त्यांनी असं कधी म्हटलं नसावं. म्हणताना त्यांचा आवाजच बदलला.

पाच वाजता निता ऑफिसात गेली. अर्ज तिनं सही न करताच धनराजभाऊंकडे सरकवला. नोटिशीच्या दुसऱ्या प्रतीवर सही केली, सहीखाली तारीख घातली, वेळ घातली, आणि त्याखाली लिहिलं: ‘नोटीस मिळाली. मला मान्य नाही.’

“बाई, तुमचं नुसकान आहे यात.”

“असन भाऊ.”

“किल्ल्या ठेवा मंग.”

“सामान मोजून घ्या पहिले. उद्या काही कमी निघालं तं माह्या नावावर नको.”

धनराजभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं, पण नाही म्हणता येईना, कारण ते नियमातलंच होतं. शिपाई वही घेऊन बसला. निता एकेक कपाट उघडून मोजू लागली. परीक्षानळ्या दोनशे अकरा. चंचुपात्रं चौतीस, त्यातली दोन तडकलेली. भिंगं, चुंबकं, स्पिरिटचे दिवे. नाईक उठून तिच्याबरोबर मोठ्यानं आकडे म्हणू लागले. सूक्ष्मदर्शक तीन, हे त्यांनी दोनदा म्हटलं. साडेसहाला यादी पुरी झाली. तिच्यावर धनराजभाऊंची सही घेऊनच निता बाहेर पडली.

फाटकापाशी नाईक म्हणाले, “अमरावतीले मी येतो. सांगतो तिथल्या साहेबाले, काय काय झालं माह्यापुढं.”

“या,” निता म्हणाली. “पन फोन घरी ठेवून या.”

एकोणीस जुलैला अपील दाखल झालं. नाईक खरंच फोन घरी ठेवून आले होते. तेव्हापासून तारखा पडताहेत. कधी संस्थेचे वकील नसतात, कधी कागद यायचा असतो. निता कारंज्यात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये जाते; सकाळी सहाची गाडी, संध्याकाळी परत. शाळेतली तिची जागा अजून भरलेली नाही, पण ती तिचीही नाही. तांड्यात कोणी विचारलं, की आता काय करतेस, तर तिला एका वाक्यात सांगता येत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मुकादम दारात आला. राजपालचं ठरलेलंच होतं. त्यानं निताकडे पाहिलं. “औंदा जोडीनं चला. पोरीले बी घ्या. कायले या तारखायच्या मागं लागली? त्या तं दर महिन्याले पडतात.”

“म्हणूनच नाही येत,” निता म्हणाली. “मी तिकडं अन् अमरावतीले तारीख पडली, तं माह्या नावाले हजर कोन म्हनीन?”

ट्रक गेला. रुचिका दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.